ऑड्री पेनफोल्डच्या बागेचा शेवटचा रविवार

इंग्लंडमधल्या नेदरकोम गावात पावसाला मनसोक्त शिव्या घालतात, पण शेजाऱ्याच्या हिरवळीबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तो घरी जाऊन काढतात.

ऑड्री पेनफोल्डला मात्र हे बोलायचा अधिकारच होता. बाग-रविवाराच्या समितीची ती कायमची अध्यक्ष. जूनमधल्या एका रविवारी गावकरी आपापल्या बागांची फाटकं उघडतात, बाहेरचे लोक तिकीट काढून फुलं बघतात, केक खातात, आणि त्या पैशांतून सभागृहाचं गळकं छप्पर दुरुस्त होतं. निदान तसं दर वर्षी ठरतं.

शेजारच्या सिरिल बॅगशॉची बाग तिने यादीत कधीच घेतली नाही. त्याचे बटाटे अंघोळीच्या जुन्या टबात, घेवडा मोडक्या पलंगावर. "ती भाजी आहे, बाग कसली!" असं ती समितीत म्हणायची, आणि सिरिलला म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की बघू हं." नेदरकोममध्ये याहून स्पष्ट नकार कुणी देत नाही. सिरिल तरी दर वर्षी नाव द्यायचाच.

यंदा ऑड्रीचे गुडघे गेले होते, घर विकलं होतं, सप्टेंबरात ती लेकीकडे राहायला जाणार होती. नवा मालक तिच्या नवऱ्याने, रेजिनाल्डने, लावलेले गुलाब उपटून तिथे गाडी उभी करणार होता. शेवटचं एकदा लोकांनी ते बघावेत, एवढीच तिची इच्छा होती. त्या दुखऱ्या गुडघ्यांवर सरपटत तिने महिनाभर तण काढलं.

उघड्या बागेची खूण म्हणजे फाटकावर पिवळा फुगा. दोन्ही घरांच्या फाटकांना मधला खांब एकच. ऑड्रीने शनिवारी फुगा आपल्या बाजूला बांधला आणि रात्री वाऱ्याने तो सिरिलच्या बाजूला फिरवला.

रविवारी ती नवी टोपी घालून मागच्या बागेत बसली. कुणी फिरकेना. कुंपणापलीकडे मात्र जत्रा भरलेली. पाहुण्यांना नकाशे दिले होते, पण नकाशा उघडायला हात मोकळा लागतो, आणि हातात केक होता.

दुपारी ती काठी टेकत पुढे आली आणि तिला सगळं कळलं. फुगा ओढायचा, की काम झालं! पण चारचौघांत "अहो, चुकलात, बाग इकडे आहे" असं म्हणायचं? नेदरकोममध्ये बुडणारा माणूससुद्धा आधी माफी मागतो, मग हाक मारतो. ऑड्री मूग गिळून परत खुर्चीत जाऊन बसली.

"टबात बटाटे! काय डोकं आहे हो!" पलीकडून आवाज आला.

"आणि शेजारी काय आहे?"

"कुणी राहत नसावं. फारच सामसूम दिसतंय."

पाचला फाटकं बंद झाली. सिरिल कोट घालून, बशीत केकचा तुकडा घेऊन तिच्या दाराशी आला.

"मिसेस पेनफोल्ड, सकाळी फुगा बघितला आणि धावत जाऊन दाढी केली बघा."

"सिरिल, तो फुगा—"

"काही बोलू नका! समितीला न विचारता जाता जाता तुम्ही तुमचा फुगा मला दिलात. तुमची बाग काय, लोक फुग्याशिवायही शोधत येतात. मला वाटायचं, तुमच्या खिजगणतीतही नाही मी. तुम्हाला काय काय बोललोय मी घरात बसून! माफ करा हो." त्याचे डोळे भरले होते.

ऑड्रीला वाऱ्याचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

"शेजारी ना आपण," ती कशीबशी म्हणाली. "सिरिल, गुलाब बघायला येता? अजून उजेड आहे."

"आत्ता? छे छे! दिवसभर माणसांची रीघ असेल तुमच्याकडे. दमला असाल. पडा जरा."

"हो ना, पाय अगदी भरून आलेत," ऑड्री म्हणाली आणि केक घेऊन आत गेली.