हिरवं फडकं

आमच्या गल्लीत माझ्या वडिलांना सगळे ठोकेसाहेब म्हणत. शाळेमागचं तळं गोठलं की रोज सकाळी ते पहार घेऊन जात, दहा ठिकाणी बर्फ ठोकत आणि कान देऊन ऐकत. ठण्ण वाजलं तर खांबाला हिरवं फडकं, भद्द वाजलं तर लाल. हिरवं दिसलं की पोरं घसरगाड्या घेऊन तुटून पडत. तीस वर्षांत एकाचा मोजासुद्धा भिजला नव्हता. बाबांचा कान म्हणजे सोनाराचा काटा, आणि तोरा असा की जणू तळं त्यांनीच गोठवलंय.

त्या रविवारी ते हिरवं बांधून आले आणि शेगडीजवळ पाव खात बसले. शेजारी किटली शिट्टी मारून घसा फोडत होती. मी त्यांच्या पाठीमागे उभी राहून म्हटलं, "बाबा, किटली." काही नाही. "बाबा, घराला आग लागलीय." त्यांनी पावाचा दुसरा तुकडा मोडला.

दोन दिवस उबदार वारा सुटला होता, आणि माझी लेक तळ्यावर होती.

मी समोर जाऊन त्यांचे खांदे धरले. "बाबा, आज बर्फ कसा वाजला?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. कोट न घालताच आम्ही धावत सुटलो.

तळ्यावर सोळा पोरं होती. लेक अगदी मधोमध. मी हाका मारल्या तर तिने हसून फडक्याकडे बोट दाखवलं.

बाबा काठावर उभे राहून मोठ्याने म्हणाले, "पोरांनो, मला ऐकू येत नाही. आज बर्फ कसा आहे ते मला ठाऊक नाही. एकमेकांपासून लांब राहा आणि पोटावर सरकत या."

हसणं थांबलं. एकेक पोर सरकत आलं. लेक सगळ्यात शेवटी. तिला घट्ट धरलं तरी माझी भीती जाईना.

तिने खांबाला टेकलेली बाबांची पहार दोन्ही हातांनी उचलली आणि काठावरूनच ठोकली. भद्द.

"काय वाजलं?" बाबांनी विचारलं. ते एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी हिरवं फडकं सोडलं आणि ते हातात घेऊन बाकावर बसले.

"मागचा अख्खा हिवाळा," ते म्हणाले, "मी हे अंदाजानेच बांधलं."