तारेतला ‘सीरियस’

अकोल्याहून तार आली तेव्हा वहिनी अंगणात तूर पाखडत होती. दादा कामासाठी तिकडेच गेला होता. तार मीच वाचली. दादा अकोल्याला सीरियस, लगेच निघा. शेजारच्या बायांनी तोंडाला पदर लावला. वहिनीनं मात्र सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, “जित्ते हायेत. चाला, गाडी सापडते.”

तिला हे शिकवलं होतं दादानंच. माझा हा थोरला भाऊ मेडशीला मास्तर. कुणाच्याही घरी इंग्रजी तार आली की वाचायला त्याच्याकडे. आमच्याकडे माणूस गेला तरी तारेत तसं लिहीत नाहीत, ‘सीरियस’ लिहितात. घरचे वाटेतच कोसळू नयेत म्हणून. त्यामुळे तो शब्द कानावर पडला की लोक थेट रडायलाच बसत. दादाचं डोकं फिरायचं. किन्हीराजा गावच्या एका माळ्याकडे तर अशी तार येताच सुनेच्या बांगड्या फोडल्या, आणि काही दिवसांनी नवरा काठी टेकत दारात उभा! तेव्हापासून दादानं धोशाच लावला. सीरियस म्हणजे लई बिमार, बिमार माणूस जित्ता असते, त्याले घरी बसून मारू नका. तार लिहून घ्यायला कुणी आलं तरी तो आधी खरं काय ते वदवून घ्यायचा. गेला असेल तर गेला असंच लिहायचा. लोक आधी हसले, मग त्यांना पटलं. सगळ्यात जास्त पटलं वहिनीला.

गाडीत तिच्या मांडीवर ज्वारीच्या कण्यांचा डबा होता. आजाऱ्याला पचतात म्हणून. अकोल्याची माणसं दादाकडून शिकलेली नव्हती, हे मला कळत होतं हो... पण खोटं कशाला सांगू, वाटेतलं पातूर मागं पडलं तसं मलाही वाटायला लागलं, असेल, जिवंत असेल.

इस्पितळाच्या दारात दादाचे स्नेही उभे होते. तार त्यांनीच केली होती. वहिनीनं विचारलं, कोन्या खाटेवर हायेत? त्यांनी डब्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. दादा पहाटेच गेला होता. तार त्यानंतरची.

“मंग सीरियस कायले लिवलं?” वहिनीनं विचारलं. ती रडली नाही. त्या भल्या माणसानं रीत पाळली होती, एवढंच. अजून माझं डोकं बधिर आहे. कुणावर चिडू, तेच कळत नाही.

परवा शेजारच्या काकूंना नागपूरहून तार आली. भाऊ सीरियस. बायांनी गळा काढला. कागद हातात धरून मी नुसता उभा. आणि इतके दिवस उंबऱ्याबाहेर न आलेली वहिनी बाहेर आली. काकूंच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

“रडू नका. सीरियस म्हंजे जित्ता. मास्तर कदी खोटं सांगत नोयते.”