धार बंद झाली

बांची लघवी तुंबली तेव्हा मी ढोराचा डॉक्टर घेऊन घरी आलो.

यात थोडा दोष मायचाही होता. पण तो मी तिच्यासमोर कधी काढला नाही, कारण तोवर माझ्या पाठीवर मार खायला जागा उरली नव्हती.

मराठी राज्य तेव्हा नवं होतं. काही वर्षांपूर्वी बांच्या लघवीच्या वाटेतली वाढलेली गाठ, डॉक्टर तिला प्रोस्टेट म्हणत, पोट चिरून काढली होती. आमच्या गावी, सोनाळ्यात परतल्यावर बांनी त्या ऑपरेशनची जाहिरातच मांडली. कुणी म्हातारा लघवीला कण्हताना दिसला, की ते म्हणायचे, "जाय ना बे, कापून ये. माही धार पाह्य, कुपाच्या पल्याड जाते." आणि दाखवायचेही. सर्जननं दरवर्षी तपासायला बोलावलं होतं. बा म्हणायचे, "दुरुस्त झालेली मोट कोन दरसाल दाखवते?"

पुढं पुढं ते कुपाजवळ, शेताच्या काटेरी कुंपणापाशी, फार वेळ उभे राहू लागले. मला वाटलं, मजुरांवर नजर ठेवून राह्यले. मी मजुरांना सावध करायचो.

त्या दिवशी मी म्हशीसाठी सरकी आणायला जळगाव जामोदला गेलो होतो. शेजारचे चाचा, कापसाचे व्यापारी, ट्रक घेऊन तिकडंच निघाले, तेव्हा मायनं त्यांच्याजवळ निरोप दिला. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि परक्या माणसापाशी त्याच्या लघवीचा विषय तर काढायचाच नाही. तेव्हा पदर पुढं ओढून ती एवढंच बोलली, "पोराले सांगजा, धार बंद झाली. डॉक्टर घेऊन लवकर ये म्हना."

चाचांनी मला बाजारात गाठून निरोप जसाच्या तसा पोचवला. आमची म्हैस नुकतीच व्यालेली, दूध काढू देत नव्हती. मी तडक गुरांच्या दवाखान्यात गेलो आणि तिथल्या डॉक्टरांना चाचांच्या ट्रकमध्ये बसवून आणलं.

"कधीपासून बंद आहे?" डॉक्टरांनी ओसरीवरूनच विचारलं.

"सकायपासून," माय दाराआडून म्हणाली. "थेंब नाही."

"लाथ मारते का?"

"मारतात ना. मले मारली, तांब्याले मारली."

डॉक्टर चपापले. "मारतात? किती म्हशी आहेत तुमच्या?"

आतून एक आरोळी आली. बा दारात उभे राहिले, कमरेत वाकलेले, एक हात ओटीपोटावर आणि दुसऱ्या हातात बैल हाकायची तुतारी. "म्हैस? काऊन बे, म्हैस कोन?"

पहिला तडाखा माझ्या खांद्यावर बसला, दुसरा भुवईवर. डोळ्यात रक्त उतरलं. मी खांबामागं पळालो, तर तिसरा डॉक्टरांच्या बॅगेवर बसला आणि आतली बाटली फुटली. "पयतं कुठी? पयतं कुठी?" म्हणत बा खांबाभोवती मला झोडत राहिले. मग त्यांची त्यांनाच कळ आली. तुतारी सुटली, ते खाली कोसळले आणि भिंतीवर डोकं आपटू लागले. सदरा वर सरकला होता. बेंबीखाली पोट दगडासारखं वर आलेलं दिसलं. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला.

"यांना आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या," गुरांचे डॉक्टर म्हणाले. "हे माझं काम नाही. उशीर केलात तर माणूस जाईल."

मायनं तोंडात पदर कोंबला.

ट्रकमध्ये बांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पाय मायच्या. प्रत्येक खड्ड्याला ते ओरडत आणि मला एक बुक्की घालत. चाचा पुढून म्हणत, "बस, आलंच, आलंच." रस्त्याला खड्डे कमी नव्हते.

मोठ्या दवाखान्यातल्या सर्जननं रबरी नळी घालून पाहिली. जाईना. मग त्यांनी ताटातून वाकड्या लोखंडी सळ्या काढल्या, बारीक आधी, जाड मागून. मी बांचे खांदे दाबून धरले. पहिली सळई आत गेली तशी बांनी लाथ झाडली, कंपाउंडर ताटासकट पडला. दुसऱ्या सळईला त्यांनी माझ्या मनगटात दात रोवले. मी ओरडलो, ते ओरडले, आणि सर्जन दोघांवर ओरडले. आधी रक्त आलं. मग नळी गेली आणि बादलीत धार वाजू लागली. ती वाजत राहिली तसे दात हळूहळू सैल झाले. ते माझ्या हाताला तोंड लावून तसेच पडून राहिले. मीही हात काढला नाही.

"गाठ परत आलेली नाही," सर्जन म्हणाले. "ऑपरेशन चांगलंच झालं होतं. पण आतल्या जखमेचा वण आकसला आणि वाट बुजली. असं काही वर्षांनीही होतं, म्हणून तर तपासायला बोलावतो. आता ही वाट अधूनमधून सळईनं मोकळी करून घ्यावी लागेल."

"कधीपर्यंत?" बांनी विचारलं.

"येत राहायचं."

कुपापल्याडच्या धारेचा विषय बांनी पुन्हा कधी काढला नाही.

माझ्या भुवईला टाका घालताना सर्जननं मायला विचारलं, "एवढा उशीर कसा झाला?"

मायनं पदराआडून सगळं सांगितलं, म्हशीसकट. सर्जन हसू दाबत माझ्याकडं बघू लागले. बांनी डोळे उघडले.

"ढोराचा डॉक्टर घरी आलाच व्हता," ते मायला म्हणाले, "तं ह्यालेच दाखवून घ्याचं व्हतं."