भांगात दिलेला होकार

“पाचला मर्ज करतोय. तुझं ‘चाललं’ आलंय, झालं की!” फोनवर हार्दिक.

“थांब ना जरा.”

“का? काही सापडलं?”

“नाही.”

“मग?”

मग काय, ते जॉयसला सांगता येईना. ती ओटीवरून स्वयंपाकघरात गेली, तिथून पुन्हा ओटीवर आली.

पाचूबंदरची जॉयस आठवडाभर दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहिते. सुट्टीच्या दिवशी मात्र भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारं एक फुकट ॲप तपासते. त्याचा कोड सगळ्यांना उघडा, कुणीही बदल सुचवावा. पण बदल मुख्य कोडात मिसळण्याआधी, म्हणजे मर्ज होण्याआधी, कुणीतरी तो खऱ्या फोनवर चालवून बघायचा असतो. दोन वर्षं ते कुणीतरी म्हणजे जॉयस. तिला कोडची एक ओळ लिहिता येत नाही. पण ओल्या बोटांना बटण दाद देत नाही, उन्हात अक्षरं दिसत नाहीत, हे तिनेच शोधलेलं. ॲप सांभाळणारा हार्दिक मनवेलपाड्याचा. समुद्र त्याने सहलीपुरता पाहिलेला.

या वेळी वेळांचं सगळं गणितच नव्याने लिहिलं होतं. जॉयसने तीन दिवस तपासून सगळ्यांसमोर ‘चाललं’ लिहिलं. आणि तेव्हापासून तिचा पाय एका जागी ठरत नव्हता. परवा बोटी निघणार होत्या. पंचवीस-तीस तांडेल हेच ॲप बघून खाडीतून बोट काढतात. तिचा भाऊ एल्रॉयसुद्धा.

“बाय, बस गो! जाळ्यात पाय अडकल तुजा,” जाळं शिवत बसलेले फर्डिनंड म्हणाले.

“पप्पा, तीन दिवस बघितलं. सगळं बरोबर येतंय.”

“कोनच्या फोनवर?”

“एल्रॉयच्या. माझ्या जुन्या फोनवर ॲप चालत नाही. एल्रॉय घरी असतो तेव्हाच मिळतो ना त्याचा फोन!”

फर्डिनंडची सुई थांबली. “मंजे भांगालाच की! भांगाला बोट बांदलेली. तवा वेळ चुकली तरी कोनाचं काय जातंय? उदानाचं पानी बगितलं काय?”

जॉयसने बघितलं होतं ते अष्टमीजवळचं मंद पाणी, भांगाचं; पौर्णिमा-अमावास्येचं मोठं पाणी, उधाण, राहूनच गेलं होतं. साडेचार वाजले होते.

“एल्रॉय, फोन दे!”

“अरे, मॅच चाललीये!”

“दे म्हणते ना!”

तिने फोनमधली तारीख पुढे सरकवली. पौर्णिमा. ठीक. प्रतिपदा. एकच भरती दिसली. दुसरी मध्यरात्रीनंतरची, म्हणजे पुढच्या दिवसातली. मग द्वितीया.

“पप्पा, दुजेला भरती किती वाजता?”

“तितीचा आकडा पाऊनपट कर, दोनाचं दीड. दीड वाजता. येवडं बी इसरली?”

“हे साडेसात म्हणतंय.”

“साडेसातला चिकल असतो तितं! बोट रुतल.”

तृतीयाही उलटी. चतुर्थीही. रोज दोन भरत्या असणारच, असं नव्या गणिताने धरलं होतं. एक कमी पडली, तिच्या जागी त्याने ओहोटी ओढून घेतली आणि पुढचे सगळे दिवस पालथे केले. भांगाच्या दिवसांत हे कधी दिसलंच नसतं.

तिने लगेच फोन लावला. “हार्दिक, करू नकोस!”

“अगं, तूच तर हो म्हणालीस. आता मी सगळ्यांना काय सांगू?”

“तू नको सांगू. मी लिहिते.”

चार एक्कावन्न. तिने लिहिलं : ‘माझा होकार मागे घेते. मी फक्त भांगात तपासलं. बोटी उधाणाला जातात, तेव्हाच्या वेळा उलट्या येतात. चूक माझी.’ खाली फोटो लावला.

“आता कळलं ना सगळ्यांना, तुला काय येतं ते!” एल्रॉयने फोन ओढून घेतला.

“दुजेला चिखलात बसून हसला असतास का?”

दोन मिनिटांनी हार्दिकचा निरोप आला : थांबवलं. आणि लगेच दुसरा : जॉयस, याआधीचे अकरा बदलही तूच पास केलेस. ते कधी तपासले होतेस?

जॉयसने यादी उघडली. पहिली तारीख वाचली. मॅच संपली नव्हती, तरी एल्रॉयपुढे पुन्हा हात पसरला.

“आता काय?”

“दे. पप्पा, गेल्या मे महिन्यात भांग कधी होता?”