खिशातला टेप आणि डॉक्टरांचा हातमोजा

आमच्या गावच्या बायकांच्या दूध संस्थेची मी सेक्रेटरी होते, आणि त्या संस्थेमुळेच माझ्यावर न्यूझीलंडला जायची वेळ आली. गाव चकलांब्यापासून तीन कोसांवर. निरनिराळ्या जिल्ह्यांतून एकेक बाई निवडून तिकडचे गोठे दाखवायला न्यायचं असं वरून ठरलं, आणि बीड जिल्ह्यातून आमच्या संस्थेचा नंबर लागला. खरं तर जायचं होतं चेअरमनबाईंनी. त्या धनगराच्या, पन्नाशीच्या. लिहिणं सहीपुरतंच, पण म्हैस नुसती चालताना बघून तिचं काय दुखतंय ते सांगायच्या. त्यांनी बैठकीत सरळ हात झटकले.

"माझे गुडघे मला गेवराईपोतर नेईनात, समिंदरापल्याड कोण नेतंय? सेक्रेटरीला धाडा. तिला लिवता येतं, आन् परत आली की समदं सांगंल बी."

सगळ्या बायकांनी हात वर केले. मी सोडून.

वर्ष दुष्काळाचं होतं. सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. गावाबाहेरच्या माळावर जनावरांची छावणी पडली होती. माजलगावकडून ट्रकनं चाऱ्याला उसाचं वाढं यायचं, दिवसाआड टँकर यायचा. बायका दिवसभर छावणीतच असायच्या, म्हणून आम्ही दुधाचा काटा आणि फॅट काढायचं यंत्र उचलून तिथंच एका पत्र्याच्या शेडमध्ये मांडलं होतं. दूध निम्म्यावर आलं होतं, पण संकलन एक दिवसही बंद ठेवलं नव्हतं. अशा दिवसांत आपण उठून हिरवं गवत बघायला जायचं, हे माझ्या मनाला पटत नव्हतं. त्यात विमानाची भीती. मला एसटीच्या मागच्या सीटवरसुद्धा मळमळायचं.

चेअरमनबाईंना मी मावशी म्हणायचे. त्यांनी एके दिवशी मला शेडमध्ये गाठलं.

"कावून एवढं त्वांड पाडून बसलीस?"

"मावशी, तुम्हा सगळ्यांना इथं सोडून जाववत नाही. आणि वर आभाळात इतके तास एकटीनं बसायचं म्हणजे..."

"एकटी कशी? आमी येतो की संगट."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण माझ्या पुण्याच्या भावानं मला एक खिशातला टेप दिला होता. तळहाताएवढा, दोन सेलवर चालणारा, कानाला स्पंज लावून ऐकायचा. मावशींनी तो माझ्याकडं बघितला होता. आमचे हे गावच्या शाळेवर मास्तर. मावशींनी त्यांना शाळेचा मोठा टेपरेकॉर्डर आणायला लावला, आणि एका दुपारी छावणीतल्या लिंबाखाली अकरा बायकांनी माझ्यासाठी कॅसेट भरून दिली. ओव्या, पाळणे, खुरपताना म्हणायची गाणी, मधेच एका रेड्याचं ओरडणं, मधेच "माझी बादली कुणी उचलली गं" म्हणून झालेलं भांडण, सगळं त्यात आलं. शेवटी मावशींनी माझ्यावरच एक ओवी रचून म्हटली:

"इमानात बसली गं माझी सेक्रेटरी सई,
खाली नको बघू बाई, वर पडत कुणी न्हाई."

ती ऐकून मी हसले, आणि त्या दिवसापासून मला जायचा थोडा धीर आला.

निघायच्या दोन दिवस आधी, बॅग भरता भरता, मी कॅसेट खिशातल्या टेपात घालून पाहिली. पहिली ओवी नीट गेली. दुसऱ्या ओवीपासून बायकांचे आवाज खाली खाली बसायला लागले. जाड होत गेले, लांबत गेले, आणि थोड्या वेळानं अकरा बाप्ये जेवून आडवे झाल्यावर गातायत असं ऐकू यायला लागलं. मग तेही थांबलं. मी टेप उचलून ह्यांच्याकडं नेला.

ह्यांनी चष्मा लावला. वर्गात एखादं उदाहरण चुकलं की ते असाच चष्मा लावायचे. म्हणाले, "घाबरायचं नाही. एकेक कारण खोडत जायचं. पहिलं कारण, सेल."

दुकानातून नवे सेल आणले. अकरा बाप्ये तसेच. जुने सेल बॅटरीत घातले तर लख्ख उजेड पडला.

"सेल खोडले. दुसरं कारण, कॅसेट."

कॅसेट शाळेच्या टेपावर लावली. मावशींचा आवाज खणखणीत आला. म्हणजे कॅसेट चांगली होती. शाळेचा टेपच सोबत न्यावा असंही क्षणभर मनात आलं, पण तो पेटीएवढा होता. त्याचं वेगळं तिकीट काढावं लागलं असतं.

"तिसरं कारण, घाण," हे म्हणाले.

घाण काढायला स्पिरिट लागतं, आणि ते मिळणार जनावरांच्या डॉक्टरांकडं. डॉक्टर तरुण होते, रोज सकाळी छावणीत फेरी मारायचे. दुसऱ्या सकाळी मी टेप घेऊन गेले तेव्हा ते एका गाईला इंजेक्शन देत होते. माझं ऐकून त्यांनी काडीला कापूस गुंडाळला, स्पिरिटात बुडवला, आणि टेपाचं झाकण उघडून आतला चकचकीत भाग पुसला. कापूस चहासारखा तपकिरी झाला.

"सेक्रेटरीताई, ह्याला तर लई दिवसांपासून सर्दी होती," डॉक्टर म्हणाले.

लावून पाहिलं. आवाज स्वच्छ झाला होता, पण चाल तीच, मंद. आता अकरा बाप्ये स्वच्छ गळ्यानं गात होते, एवढंच.

दुपारी हे मला मोटारसायकलवर गेवराईला घेऊन गेले. तिथं एक रेडिओ मिस्त्री होते, सगळ्या तालुक्याचे रेडिओ त्यांच्या हाताखालून गेलेले. त्यांनी चार बारीक स्क्रू काढून टेपाची पाठ उघडली आणि चिमट्यानं आतून एक काळा रबरी पट्टा बाहेर काढला. शेवईसारखा बारीक होता, आणि जास्त शिजलेल्या शेवईसारखाच लोंबत होता.

"हे बघा. मोटार फिरती, पर हा पट्टा चाकाला धरीतच न्हाई. उन्हात ठेवलता का?"

मी मान खाली घातली. छावणीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये, खिडकीतच तर ठेवत होते मी तो.

"नवा पट्टा बसवा की," हे म्हणाले.

"ह्या मापाचा माझ्यापाशी न्हाई, मास्तर. औरंगाबादहून मागवावा लागंल. चार दिवस धरा."

चार दिवसांनी मी कुठल्या आभाळात असणार होते कोण जाणे. माझा चेहरा बघून मिस्त्रींना वाईट वाटलं असावं. त्यांनी जवळ बोलावून मोटारीच्या पाठीवरचं एक छिद्र दाखवलं, बाजरीच्या दाण्याएवढं.

"समजा दुसरा काही जुगाड जमला आन् चाल मागंपुढं झाली, तर ह्या भोकात एक स्क्रू हाय. तो फिरवला की चाल बदलती. पर जपून, केसाएवढंच फिरवायचं." आणि त्यांनी आपला सगळ्यात बारीक पेचकस माझ्या हातात ठेवला. "राहू द्या. परदेशातून आल्यावर आणून द्या."

निघायच्या दिवशी सकाळी मी छावणीत फॅट काढायच्या टेबलावर टेप उघडून बसले. संध्याकाळची एसटी होती. घरातला रबरबँड लावून पाहिला. तो इतका घट्ट बसला की मोटारच फिरेना. सायकलच्या ट्यूबची बारीक चकती कापली. ती उड्या मारायला लागली. शिवायचा दोरा बांधला, तो घसरला. एकेक बाई येऊन डोकावून जात होती. कुणी म्हणालं वेणीचं रबर लाव, कुणी म्हणालं मारुतीला नारळ फोड.

तेवढ्यात डॉक्टर आले. एका अडलेल्या म्हशीचं रेडकू नुकतंच त्यांनी मोकळं केलं होतं, बाह्या खांद्यापर्यंत वर, चेहरा खुलला होता. हात धुऊन ते टेबलापाशी आले, तो लोंबता पट्टा बोटावर घेऊन बघितला आणि आपल्या बॅगेतून एक नवा कोरा रबरी हातमोजा काढला. मनगटापाशी त्याची गुंडाळलेली कड असते, तेवढीच त्यांनी कात्रीनं गोल कापून घेतली. हातात एक पिवळसर बारीक कडं आलं.

"ह्याला ताण आहे. लावून बघा," डॉक्टर म्हणाले.

मी चिमट्यानं ते चाकांवरून ओढून बसवलं. बसलं! बटण दाबलं, चाकं गरागरा फिरली. मी स्पंज कानाला लावले आणि मला हसू फुटलं. काल जे अकरा बाप्ये होते ते आज बालवाडीतल्या पोरी झाले होते. काय ती घाई, काय तो चिवचिवाट!

मी स्पंज मावशींच्या डोक्यावर चढवले. त्यांनी डोळे मोठे केले.

"ही कोन चिमनी?"

"मावशी, तुम्हीच त्या."

"मी? असा आवाज ऐकला तर माझी म्हैस दूध चोरून धरंल!"

मग सगळ्या बायकांनी एकेक करून ऐकलं. प्रत्येकीला स्वतःचा आवाज ऐकून हसू यायचं, आणि तिला हसताना बघून बाकीच्या हसायच्या. दुष्काळात असं पोट धरून हसणं आम्ही विसरूनच गेलो होतो. तोवर आमचे हेही शाळेतून आले होते. ह्यांनी समजावून सांगितलं, की नवं कडं जुन्या पट्ट्यापेक्षा जाड आहे म्हणून चाल वाढली. आता मिस्त्रींचा स्क्रू. पण खरी चाल कोणती ते ठरवायचं कसं? शाळेच्या टेपाशी ताडून बघावं तर कॅसेट एकच, ती एका वेळी दोन टेपांत कशी चालणार?

"त्यात काय यवढं?" मावशी म्हणाल्या. "मी हाय ना हितं जित्ती. मी गाते, तू जुळव."

मी डाव्या कानाला स्पंज लावला, उजवा कान मोकळा ठेवला. हातात पेचकस. मावशी माझ्या उजव्या बाजूला बाजेवर बसल्या आणि त्यांनी माझी ती ओवी सुरू केली. डाव्या कानात चिमणी, उजव्या कानात मावशी. मी स्क्रू केसाएवढा फिरवला. चिमणी आणखीच पिसाळली. म्हणजे दिशा चुकली होती. उलटा फिरवला, जरा जास्तच. मावशींचा बाप्या झाला. पुन्हा थोडा मागं. अजून किंचित. फॅट काढताना दुधाची रेघ वाचायची मला सवय होती, हात हलत नव्हता. ओवी संपली की मावशी परत पहिल्यापासून धरायच्या, न कंटाळता, त्याच पट्टीत, म्हशीला हाळी द्यायची त्यांची जी पट्टी तीच. मी कॅसेट मागं घ्यायचे, परत लावायचे. सातव्या की आठव्या वेळी डावा आवाज उजव्याजवळ सरकत आला, सरकत आला, आणि एकदम दोन्ही कानांत एकच बाई गायला लागली.

मी पेचकस खाली ठेवला. माझा चेहरा बघून बायकांनी ओळखलं आणि सगळ्यांनी आवाज लावला. माझ्या कानातल्या मावशी आणि समोरच्या वीस-बावीसजणी. टँकर आला होता, त्याचा ड्रायव्हर पाइप हौदात सोडायचा थांबून ऐकत उभा राहिला. डॉक्टर टेबलावर ताल धरत होते. ओवी संपल्यावर मावशींनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "झालं ना? आता पानी सोडा रे, जनावरं तान्हेली हायत."

डॉक्टरांनी दुसऱ्या मोज्यातून अजून एक कडं कापून कापसात गुंडाळून दिलं, अडीनडीला म्हणून.

मुंबईला आमच्या सहाजणींचा मेळ जमला. विमानात माझ्या शेजारी कोल्हापूरकडची एक बाई आली. मला वाटत होतं सगळ्यांत भित्री मीच, पण तिनं खुर्चीचे हात असे धरले होते की बोटं पांढरी पडली होती. विमान हलायच्या आधीच मी स्पंज कानाला लावले, तर हवाई सुंदरी आली आणि हसून हातानं बंद करायची खूण केली. वर जाईपर्यंत चालू ठेवायचा नाही म्हणे. इतका सगळा खटाटोप करून ज्या वेळेसाठी टेप नीट केला, नेमक्या त्याच वेळी तो बंद! विमान उचललं तेव्हा मी डोळे मिटून ती ओवी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, आणि कोल्हापूरची बाई माझा दंड धरून बसली होती.

वर गेल्यावर बटण दाबलं. चाल अगदी बरोबर होती. मी थोडा वेळ ऐकलं आणि स्पंज तिच्या कानाला लावले. ती आधी नुसती ऐकत राहिली. मग रेडा ओरडला तशी दचकली. मग बादलीचं भांडण आलं आणि ती गालातल्या गालात हसली. शेवटच्या ओवीला, "वर पडत कुणी न्हाई" येताच ती एवढ्या जोरात हसली की पुढचे दोन गोरे मागं वळून बघायला लागले. त्यानंतर टेप सहाजणींत फिरला, आणि माझ्याकडं परत यायला जेवणाची ताटं उचलायची वेळ झाली. कडं कुठंतरी समुद्रावर तुटलं. मी ताट ठेवायच्या फळीवर टेप उघडून दुसरं बसवलं, आणि कोल्हापूरची बाई माझ्यावर अशी नजर ठेवून होती, जशी मी विमानाचंच इंजिन खोललं आहे.

पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी एका गोठ्याच्या ऑफिसातल्या लोकांनी गावी फोन लावून दिला. मी आधी वेळ कळवली होती, त्यामुळे ग्रामपंचायतीच्या फोनपाशी मावशी आणि पाच-सहा बायका येऊन बसल्या होत्या.

"पोचलीस का नीट?"

"पोचले, मावशी."

"पाऊस हाय का तिथं?"

खिडकीबाहेर पाऊसच पडत होता, बारीक, संथ. गाई त्यातच चरत होत्या, पोटापर्यंत गवतात. मला सांगायला संकोच वाटला. पण खोटं कसं बोलू?

"आहे. आत्ताही पडतोय."

मग मावशी म्हणाल्या, "बरं हाय. म्हंजी त्याला पडायचं कसं ते याद हाय अजून." आणि लगेच, "म्हशी कशा हायत तिथल्या?"

"इथं म्हशी नाहीत मावशी, नुसत्या गाई."

"म्हशी न्हाईत?" मावशींनी मागं वळून बायकांना सांगितलेलं मला ऐकू आलं, "अगं, तिथं म्हशीच न्हाईत म्हनती!" आणि सगळ्याजणी हसल्या. मग फोनमध्ये मला म्हणाल्या, "मंग तू तरी काय शिकून येनार हायस? उलट तूच शिकव त्यांला."