आमच्या कुत्र्याचा श्रावण

लालबागच्या आमच्या चाळीत कुत्र्यालाही श्रावण पाळावा लागायचा. गटारीपर्यंत मासळीच्या डोक्यांवर संस्थानिकासारखा जगणारा हा प्राणी दुसऱ्या सकाळी ताटलीतल्या दूधभाताकडे असा बघायचा, जणू कोणीतरी त्याचं राज्य खालसा केलंय. पण खायचा. दुसऱ्या मजल्याचा सामाईक कुत्रा तो. प्रत्येक दारात त्याला वेगळं नाव, आणि ताटली वाजली की तो सगळ्याच नावांना ओ द्यायचा.

गेल्या श्रावणात त्याचं पोट बिघडलं. बरं, गॅलरी एवढी लांबलचक, पण याने जागा निवडली ती चाळीच्या सेक्रेटरीकाकांच्या उंबऱ्यासमोरची. आणि निवडली ती निवडली, रोज तीच.

"रविवारच्या मिटिंगमध्ये ठराव मांडतो," काका कडाडले. "कुत्रा चाळीबाहेर!"

मी त्याला टॅक्सीत घालून परळच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

"खायला काय देता?"

"दूधभात. श्रावण आहे ना."

बाई इतक्या हसल्या की टेबलावरचा कुत्राही ओशाळला. मग त्यांनी समजावलं. पिल्लू आईचं दूध पचवतं, पण मोठ्या झालेल्या बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही. साधं दही चमचाभर किंवा बिनमिठाच्या पनीरचा छोटा तुकडा पुष्कळांना चालतो, पण याचं पोट ठिकाणावर येईपर्यंत तेही बंद. श्रीखंड-बासुंदी तर कधीच नाही. साखर वाईट, जायफळ वाईट आणि मनुका म्हणजे विषच.

"उकडलेलं चिकन आणि भात द्या."

"डॉक्टर, श्रावण!"

"बरं बाई, मग भात आणि उकडलेला लाल भोपळा. मीठ नाही, फोडणी नाही. आणि पाणी भरपूर."

घरी आईने कंबर कसली. "दुधान कोणाचा वायट झाला हा? आमच्या दारात ऱ्हवता, मगे श्रावण पाळूक नको त्याका?"

"पाळेल की. भोपळ्यावर पाळेल."

भोपळ्याला नाव ठेवायला आईकडे जागा नव्हती. "भोपळो चलात," ती म्हणाली, "तो उपासाक पण चलता."

मग मी गॅलरीत उभी राहून ताटावर डाव आपटला आणि दवंडी पिटली: आजपासून याला दूध देईल त्याच्या दारात मी स्वतः गाणं म्हणेन. माझा आवाज सगळ्यांना माहीत आहे. सगळे कबूल झाले.

तरीही पोट काही थांबेना. रविवार जवळ येत चाललेला. म्हणजे कोणीतरी फितूर होतं! शनिवारी सकाळी मी वाळत घातलेल्या चादरीमागे दबा धरून बसले. आयुष्यभर मला नाटकातला असा प्रवेश हवा होता.

दार करकरलं. हातात स्टीलचा ग्लास घेऊन सेक्रेटरीकाका बाहेर आले. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं आणि ग्लास कुत्र्याच्या ताटलीत रिकामा केला.

"काका!" मी चादर बाजूला सारली.

"हळू बोल गं! काकी आत आहे."

"दूध?"

"हळदीचं. श्रावणात एकवेळ जेवतो म्हणून रोज सकाळी पाजते. नाही म्हटलं तर रडते. मला पचत नाही, पोटात नुसती गुडगुड होते."

"आणि याला पचतं?"

काकांनी खाली पाहिलं. कुत्रा पिवळ्या मिशा चाटत होता.

"त्याने कधी तक्रार नाही केली," ते पुटपुटले.

"रोज तुमच्याच दारात तर करतोय!"

काकांचा चेहरा पडला. मग त्यांनाच हसू फुटलं, आणि आतून काकी ओरडली, "प्यायलात का?"

"प्यायलो!" काका म्हणाले.

रविवारी ठराव आला नाही. ते दूध उरलेला श्रावण मी प्यायले. माझं पोट दगडही जिरवतं. भोपळ्यावर कुत्रा तुकतुकीत झाला, गॅलरी स्वच्छ राहिली. फक्त सकाळी तो काकांच्या दारात जाऊन बसायचा, त्यांच्या रिकाम्या हातांकडे टक लावून.

"बघा," काकी कौतुकाने म्हणायची, "किती जीव लावलाय त्याने तुम्हाला!"