पापड मोडेपर्यंत रंग नाही

इंदुरातले रंगारी देवाला भीत असतील-नसतील, आमच्या शेजारच्या ओव्हरसियरकाकांना मात्र नक्की भीत. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस, गल्लीत कुठेही रंगाचा डबा उघडला की छिन्नी, तारेचा ब्रश आणि पाण्याचा तांब्या घेऊन हजर व्हायचा. कुणी बोलावलेलं असायचं असं नाही. भिंतींशी त्यांना देणंघेणं नसे. सगळा जीव खिडकीबाहेरच्या काँक्रीटच्या सिलमध्ये, म्हणजे चौकटीखालच्या पट्टीत, आणि तोही तिच्या दोन तुकड्यांमधल्या बोटभर सांध्यात. तिथला भुसभुशीत झालेला जुना माल खरवडायचा, धूळ धुवायची, दोन दिवस वाळू द्यायचं, मग वॉटरप्रूफिंगचा मसाला अंगठ्याने दाबून भरायचा. रंग त्यानंतर. "रंग म्हणजे पावडर-लाली," ते म्हणत. "ताप त्याने उतरत नाही."

मसाला वाळला की परीक्षा. बाहेर सिलवर दहा तांबे पाणी ओतायचं आणि आत खिडकीखाली भिंतीला टेकवून भाजलेला उडदाचा पापड ठेवायचा. दुसरा पापड समोरच्या कोरड्या भिंतीला, म्हणजे हवेचा दोष सांध्यावर यायला नको. सकाळी दोन्ही मोडून बघायचे. खिडकीखालचा वाकला की सगळं पहिल्यापासून. कड्कन मोडला की रंगाऱ्याला परवानगी, आणि तो पापड काका तिथेच उभ्याउभ्या खात. एका लग्नघरात पापड तीनदा वाकला. चौथ्या वेळी नवऱ्या मुलाच्या बापाने गुपचूप ताजा भाजून ठेवला. काकांनी तो हुंगला, याला भिंतीचा वास नाही म्हणाले आणि पुन्हा छिन्नी उचलली.

त्यांच्या स्वतःच्या मागच्या खिडकीच्या सांध्यातून मात्र हातभर पिंपळ उगवला होता. गल्ली हसायची. मीही हसले आहे.

सासूबाईंचा दमा वाढला त्या वर्षी डॉक्टरांनी त्यांच्या खाटेमागची, खिडकीखालची भिंत बघून सांगितलं, ही ओल थंडीआधी गेली पाहिजे. दिवाळीला आठ दिवस होते, पाहुणे यायचे होते. काका पुतण्याकडे देपालपूरला गेलेले बघून मी रंगाऱ्याला सांगितलं, भिया, सांधे राहू द्या, रंग मारा. दुपारपर्यंत खिडकी पिस्त्यासारखी हिरवी झाली. संध्याकाळी काका आले आणि ओल्या रंगावर छिन्नी चालवू लागले. घर माझं आहे, असं मी त्यांना सुनावलं. रंगारी कुरकुरला, "काकाजी, दिवाली निकल जाएगी."

"सूनबाई," काका मागे न बघता म्हणाले, "आमच्याकडे दिवाळी साधली होती. मागच्या खिडकीला रंग आधी लावला, पाणी आतच राहिलं. ही त्याच खिडकीखाली झोपायची. होळी नाही बघितली तिने."

त्यांची बायको छातीच्या दुखण्याने गेली हे मला ठाऊक होतं. खिडकीचं ठाऊक नव्हतं. मी तांब्या भरून आणला.

पाहुणे अर्धवट खरवडलेल्या खिडकीपाशी बसून फराळ करून गेले. भाऊबीजेनंतर पापड मोडला. सासूबाईंनी त्या कोरड्या खोलीत आणखी दोन हिवाळे काढले.

गेल्या पावसाळ्यानंतर काका स्वतःच अंथरुणाला खिळले. खाट मागच्या खोलीत, त्याच खिडकीखाली. बोट लावलं तर भिंतीचा पोपडा हातात यायचा. पण खाट हलवू देईनात, खिडकीला हात लावू देईनात. "राहू दे सूनबाई. तिच्या वाट्याला आलं तेच माझ्या."

असल्या बोलण्याला माझ्याकडे वेळ नसतो. त्यांचीच छिन्नी घेऊन मी बाहेर गेले, पिंपळ मुळासकट उपटला, सांधा खरवडायला घेतला. आतून सूचना सुरू झाल्या. अजून खोल. धूळ राहिली. भरताना अंगठा लाव, चमचा नको. सगळं रीतसर वाळल्यावर पाणी ओतलं, पापड ठेवला आणि सकाळी त्यांच्या कानाशी मोडला. कड्.

"अर्धा दे," म्हणाले. तो तुकडा तोंडात घोळवत बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले.

आता रंग कोणता, मी विचारलं. तिला पिवळा आवडायचा म्हणाले, पण घाई नको.

थंडी सुरू झाली तेव्हा काका गेले. कोरड्या खोलीत गेले, एवढंच. पुतण्याने घर विकायचं ठरवलंय, किल्ली तोवर माझ्याकडे आहे. पिवळ्या रंगाचा डबा आमच्या जिन्याखाली पडून आहे. एका दुपारचं काम. दर रविवारी रंगवायचंच असं ठरवून जाते, आदल्या रविवारी ठेवलेला पापड मोडते. दर वेळी तो कड्कन मोडतो. मी तो उभ्याउभ्या खाते, नवा ठेवते आणि घरी येते.